जालसंपर्कातील त्रुटिसंदेश आणि दोषनिदान

देवणी हा लातूर जिल्ह्यातील कर्नाटकाच्या सीमेलगतचा तालुका. अशा तालुक्यातील शेतकरी सातबारा उताऱ्यासाठी सेवाकेंद्रात येतो, तेव्हा ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढेच उत्तर मिळाले, तर त्याचा दिवस वाया जातो. वस्तुतः या एका वाक्याखाली सर्वस्वी भिन्न असे अनेक दोष झाकले जातात. पडद्यावरील त्रुटिसंदेश मात्र त्यांतील भेद दाखवीत असतो.

संगणकाने स्वतःच १६९.२५४ ने आरंभ होणारा पत्ता धारण केला असेल, तर त्यास राऊटरकडून पत्ता मिळालेला नाही, असे समजावे. अशा वेळी दोष बहुधा खोलीतच, म्हणजे तारेत वा राऊटरमध्ये असतो. ‘नाव सापडले नाही’ या संदेशाचा अर्थ निराळा. संकेतस्थळाच्या नावाचे अंकरूप पत्त्यात रूपांतर होऊ शकले नाही, एवढेच तो सांगतो. अंकरूप पत्त्यावरील एखाद्या दूरच्या यंत्राकडून उत्तर आले, तर मार्ग शाबूत असून केवळ नामसेवेत बिघाड आहे, हे सिद्ध होते.

‘जोडणी नाकारली’ हा संदेश वरकरणी कठोर, परंतु निदानास उपकारक होय. पलीकडील यंत्रापर्यंत संदेश पोहोचला व उत्तरही आले. फक्त तेथील अपेक्षित कार्यक्रम चालू नाही, असे त्यावरून बहुधा अनुमानिता येते. ५०३ वा ५०४ हे आकडे दिसल्यास दोष सामान्यतः सेवा पुरविणाऱ्याकडील असतो. तेथे गावातील तार तपासणे व्यर्थ होय.

सर्वांत अवघड असते ते मौन, म्हणजे ‘वेळ संपली’ हा संदेश. येथे १९८१ साली जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या आरएफसी ७९२ मधील नियम साह्यास येतात. प्रत्येक पॅकेटावर आयुर्मर्यादेचा अंक असतो व प्रत्येक राऊटरवर तो एकाने घटतो. शून्य होताच तो राऊटर पाठविणाऱ्यास तसे कळवितो. हा अंक एक, दोन, तीन असा वाढवीत गेल्यास मार्गातील टप्पे क्रमाने उघड होतात. तथापि काही राऊटर मुद्दाम उत्तर देत नाहीत. म्हणून एका टप्प्याचे मौन म्हणजे तेथेच खंड, असा निष्कर्ष काढू नये.

तात्पर्य, केंद्रचालकाने त्रुटिसंदेश जसाच्या तसा, वेळेसह नोंदवावा. तारेच्या कारागिरास बोलवावे की सेवादात्यास कळवावे, आणि शेतकऱ्यास थांबवावे की परत पाठवावे, याचा निर्णय त्या नोंदीच्या आधारेच घेता येतो.