दोन पेले दूध, टू ग्लासेस ऑफ मिल्क!

दोस्तांनो, इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात ‘कलेक्टिव्ह नाउन्स’ची एक लांबलचक यादी असते. ‘अ फ्लॉक ऑफ शीप’, ‘अ बंच ऑफ ग्रेप्स’... तिला लागूनच ‘अ लोफ ऑफ ब्रेड’सारखे मापाचे शब्द येतात. परीक्षेच्या आदल्या रात्री हे सगळं घडाघडा म्हणून दाखवता येतं. पण खरोखर दोन पेले दूध मागायची वेळ आली की तोंडातून निघतं, ‘टू ग्लास मिल्क’! कुणीतरी फिस्सकन हसतं आणि आपण गप्प बसतो. हे गप्प बसणंच वाईट बरं का! बोललंच नाही तर भाषा येणार कशी?

एक गंमत सांगू? या यादीतली कल्पना तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. विश्वास बसत नाही? चला तर स्वयंपाकघरात.

कोथिंबिरीची काय असते? जुडी. द्राक्षांचा? घड. कोबीचा? गड्डा. लसणाची? पाकळी. मक्याचं? कणीस. ‘द्राक्षांची जुडी’ किंवा ‘कोथिंबिरीचा गड्डा’ असं तुम्ही कधी म्हणाल का? म्हटलंत तर भाजीवाल्या मावशीसुद्धा हसतील! पण ही यादी तुम्ही कधी पाठ केली होती? मुळीच नाही. आईबरोबर मंडईत हिंडताना, आजीजवळ लसूण सोलताना ती आपोआप तोंडात बसली. इंग्लंडमधली मुलंही आपले शब्द अशीच शिकतात.

आता नुसती नावं बदलायची. जुडी म्हणजे ‘बंच’ आणि द्राक्षांचा घड म्हणजेही ‘बंच’. बघा, आपल्याकडे दोन शब्द, तिकडे एकातच काम भागतं! कोबीचा गड्डा म्हणजे ‘अ हेड ऑफ कॅबेज’, म्हणजे कोबीचं चक्क डोकं. मक्याचं कणीस म्हणजे ‘ॲन इयर ऑफ कॉर्न’. पण हा ‘इयर’ म्हणजे कान नव्हे हं! जुन्या इंग्रजीत हे दोन निराळे शब्द होते, पुढे ते सारखे दिसू लागले एवढंच.

लसणाच्या पाकळीचं तसंच. तिला म्हणतात ‘क्लोव्ह’. आणि लवंगेलाही ‘क्लोव्ह’च! लवंगेचं नाव आलं फ्रेंच भाषेतून. तिथे ‘क्लू’ म्हणजे खिळा, आणि लवंग दिसतेही अगदी खिळ्यासारखी. लसणाच्या ‘क्लोव्ह’चं नातं मात्र ‘चिरणे, दुभंगणे’ अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दाशी आहे. म्हणून पाककृतीत ‘टू क्लोव्ह्ज’ दिसलं की पुढे ‘ऑफ गार्लिक’ आहे का ते आधी बघा. नाहीतर आमटीत भलतंच पडायचं!

केळ्यांची गोष्ट तर याहून मजेदार. झाडावरून उतरवतात तो अख्खा लोंगर. त्यात असतात फण्या. इंग्रजीत फणीला म्हणतात ‘हँड’, म्हणजे हात. मग एकेक केळं? ‘फिंगर’, म्हणजे बोट! आपल्याला दिसली केस विंचरायची फणी, त्यांना दिसला पंजा. वस्तू एकच, बघणाऱ्यांचे डोळे निराळे.

काही बाबतीत तर आपणच श्रीमंत आहोत. मूठभर शेंगदाणे, पसाभर तांदूळ, ओंजळभर फुलं. मूठ मिटलेली, पसा एका हाताचा, ओंजळ दोन्ही हातांची. इंग्रजीत बहुतेक वेळा या सगळ्यांना ‘हँडफुल’ म्हणूनच भागवतात. चिमूटभर मीठ मात्र दोन्हीकडे सारखंच, ‘अ पिंच ऑफ सॉल्ट’. पिंच म्हणजे चिमटा.

मग ‘टू ग्लास मिल्क’ ही चूक होते कशी? तर आपल्या मराठीमुळेच! मराठीत आपण ‘दोन कप चहा’, ‘दोन किलो साखर’ म्हणतो. कप तसाच राहतो, मध्ये ‘चा-ची-चे’ही येत नाही. इंग्रजीत मात्र तीन पायऱ्या चढाव्या लागतात. आधी भांडं किंवा माप. ती एकाहून जास्त असतील तर त्यालाच ‘स’ची शेपटी. मग ‘ऑफ’. आणि शेवटी पदार्थ. ‘टू ग्लासेस ऑफ मिल्क’, ‘थ्री कप्स ऑफ टी’, ‘फोर स्लाइसेस ऑफ ब्रेड’. दूध, चहा, ब्रेड यांना शेपटी नाही, कारण ते मोजत नाहीत, मोजतात ते पेले, कप आणि काप. द्राक्षं किंवा कांदे मोजता येतात, म्हणून ‘अ बंच ऑफ ग्रेप्स’, ‘अ किलो ऑफ अनियन्स’.

या नियमाला एक खट्याळ अपवाद आहे, डझन! ‘टू डझन एग्ज’. इथे डझनला शेपटीही नाही आणि ‘ऑफ’ही नाही. डझन फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचं मूळ लॅटिन ‘दुओदेकिम’, म्हणजे बारा. आपल्या ‘द्वादश’चा हा लांबचा भाऊच! ‘बेकर्स डझन’ मात्र १३ चा बरं का. इंग्लंडमध्ये १३ व्या शतकात पावाच्या वजनाबद्दल कडक कायदा होता. वजन कमी भरून शिक्षा होऊ नये म्हणून बेकरीवाले डझनामागे एक पाव जास्त देत, असं सांगतात.

आणखी एक खूणगाठ. मराठीतल्या ‘किती’चे इंग्रजीत दोन तुकडे होतात. मोजता येतं तिथे ‘हाउ मेनी’, येत नाही तिथे ‘हाउ मच’. किती केळी? ‘हाउ मेनी बनानाज?’ किती भात? ‘हाउ मच राइस?’ शितं मोजत बसायला वेळ कुणाला आहे!

आणि आता आईबाबांनो, थोडं तुमच्याशी. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवायला सुरुवात झाली. त्याआधी मराठी शाळेत ते पाचवीत भेटायचं. म्हणून ‘आम्हाला कुठलं येतंय’ म्हणून तुम्ही बाजूला होता. होऊ नका. भाजी निवडताना तुम्ही मराठी शब्द सांगा, मुलं इंग्रजी सांगतील. जुडी, लोंगर, पसा, चतकोर हे शब्द आज कितीतरी मुलांना माहीतच नसतात. ते त्यांना तुमच्याकडूनच मिळणार. एका खेळात दोन्ही भाषा पक्क्या होतील, आणि चुकलं तर हसणारं परकं कुणी नसेल.

चला दोस्तांनो, आता तुमची पाळी. इंग्रजीत सांगा बघू : (१) लसणाच्या सहा पाकळ्या (२) पाच कप चहा (३) तीन डझन केळी (४) कोबीचे दोन गड्डे.

उत्तरं : (१) सिक्स क्लोव्ह्ज ऑफ गार्लिक (२) फाइव्ह कप्स ऑफ टी (३) थ्री डझन बनानाज (४) टू हेड्स ऑफ कॅबेज.

चारही बरोबर? मग आज दूध इंग्रजीत मागा. आणि चुकलं, तरी मागाच!