श्रम आणि बैलाची अंगची शिल्लक

मृगाचा पाऊस पडला कीं, दोन महिने दावणीस उभा असलेला बैल एकाएकीं कुळवास जुंपावयाचा, अशी चाल पुष्कळ गांवीं आहे. दुसरे दिवशीं तो आखडतो, वैरण टाकतो, आणि मालक दृष्ट काढूं लागतो. अंगांत ताप असल्यास गोष्ट निराळी. परंतु श्रमानें शरीरांत काय घडतें, तें शेतकरी बंधूंनीं जाणून घ्यावें म्हणून आम्ही येथें थोडा खुलासा करितों.

श्रमाच्या वेळीं अन्न प्राणवायूच्या योगानें जळून स्नायूंस शक्ति मिळते. त्या वेळीं प्राणवायूचे कांहीं अस्थिर कण ठिणग्यांप्रमाणें उडतात व पेशींच्या स्निग्ध आवरणास बाधा करितात. त्यांस विझविणारीं द्रव्यें शरीरांतच असतात. त्यांपैकीं एकाचें कार्य मॅक्कॉर्ड व फ्रिडोविच या शास्त्रज्ञांनीं १९६९ सालीं अमेरिकेंत उघडकीस आणिलें, आणि तें द्रव्य त्यांनीं घेतलें होतें गुरांच्याच रक्तांतून! त्यांत तांबें व जस्त असतें. दुसऱ्या एकांत सेलेनियम. ई जीवनसत्त्व मात्र शरीरास बनवितां येत नाहीं, तें चाऱ्यांतूनच यावें लागतें. हिरव्या चाऱ्यांत तें विपुल. उन्हांत वाळलेल्या कडब्यांत फार थोडें उरतें. म्हणजे उन्हाळ्याअखेर शिल्लक सर्वांत कमी, आणि खर्च नेमका त्याच वेळीं मोठा.

१९८२ सालीं कॅलिफोर्नियांत उंदीर थकून पडेपर्यंत पळविले, तेव्हां त्यांच्या स्नायूंत व यकृतांत हे कण दुपटी-तिपटीनें वाढलेले आढळले. ई जीवनसत्त्वावांचून पोसलेले उंदीर तर बरेच आधीं थकले.

यावरून श्रम हेंच विष, असें कोणी समजूं नये. रोज बेतानें श्रम केल्यास तेच कण शरीरास इशारा देतात व रक्षक द्रव्यें वाढतात. स्पेनमध्यें २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदरांस पळण्याची संवय लावितांना क जीवनसत्त्व भरपूर दिलें. त्यांची दम धरण्याची ताकद इतरांइतकी वाढली नाहीं. मागणीच निघाली नाहीं तर वसूल कोठून यावा, हें दप्तरांत हयात घालविलेल्या आम्हांस निराळें सांगावयास नको.

तेव्हां रोहिणी नक्षत्र लागतांच सकाळच्या थंड वेळीं बैल अर्धा तास हलक्या कामास काढावे व दोन-तीन आठवड्यांत काम वाढवीत न्यावें. भर दुपारीं जुंपूं नये, कारण उष्णतेनेंही हे कण वाढतात. विहिरीस पाणी असल्यास मेथीघासाचा एक वाफा बैलांसाठीं राखावा. खनिजांची भुकटी घालणें झाल्यास पशुवैद्यास विचारूनच घालावी; तांबें व सेलेनियम हीं दोन्ही प्रमाणाबाहेर गेल्यास विषारी होतात.