अंकाची किंमत आणि बातमीचा खर्च

'पेपर विकत घेतो, म्हणजे बातमीचे पैसे दिले,' हा समज सर्रास आढळतो. तो अर्धाच बरोबर आहे. छापील किमतीतून (अंकावरील विक्रीदर) विक्रेत्याचे कमिशनही जाते. उरलेली रक्कम बहुधा कागद-छपाईलाही पुरत नाही. तूट जाहिराती भरून काढतात.

भाईंदर स्टेशनहून मुर्धा गावावरून उत्तनला जाणारी पालिकेची बस पाहा. केवळ तिकिटांवर ती चालत नाही. तूट पालिका भरते आणि फेऱ्याही तीच ठरवते. तसाच वृत्तपत्राची तूट भरणाऱ्या जाहिरातदाराचा दाब बातमीवर येऊ शकतो.

बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' हे वृत्तपत्र १८३२ साली निघाले, ते वर्गणीदारांच्या (आगाऊ पैसे भरणारे वाचक) आधारावर. आजही पालिकेच्या सभेला बसून मुर्ध्याच्या रस्त्या-पाण्याचे प्रश्न टिपणारा बातमीदार हवा असेल, तर त्याच्या पगाराला वाचकांच्या वर्गणीचा हातभार लागायलाच हवा.