निंबोळी, रिठा आणि गोगलगाय: झाडपाल्याच्या अर्कानं नेमकं काय होतं?

पावसाळा लागल्यापासून व्हॉइस नोटमध्ये एकच प्रश्न फिरतोय: "रोपांवर गोगलगायी आल्यात, विषारी गोळ्या नको वाटतात, झाडपाल्याचं काही आहे का?" मी हिमायतनगरचा, कोडिंगवर पोट भरणारा माणूस. शेतीशास्त्र माझा विषय नाही, पण आमच्या परसातल्या मेथी-वांग्यांचाही हाच प्रश्न आहे, म्हणून नीट वाचून काढलं.

आपल्याकडं ही गंमत नाही, हे आधी सांगतो. जुलै २०२२ मध्ये लातूर, बीड, उस्मानाबाद पट्ट्यात शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन रातोरात फस्त केलं. कित्येकांवर दुबार पेरणीची वेळ आली आणि शेवटी सरकारला मदत जाहीर करावी लागली. ही आफ्रिकन गोगलगाय मूळची इथली नाहीच. बेन्सन नावाच्या शंख-अभ्यासकानं १८४७ साली मॉरिशसहून आणून ती कलकत्त्याच्या बागेत सोडली. एकाच जिवात नर-मादी दोन्ही, त्यामुळे अंडी प्रत्येकच घालते, आणि एका खेपेला शंभराच्या वरही घालते.

आता अर्क. निंबोळीतला कडूपणा गोगलगायीला पान नकोसं करतो. मारतो असं नाही, तोंड फिरवायला लावतो. आमच्या भाषेत सांगायचं तर ही फायरवॉल आहे, डिलीट बटन नाही. करायचा कसा? ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून थोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यानं गाळा, पाणी घालून एक लिटर करा आणि थोडा साबण मिसळा. फवारणी संध्याकाळीच, कारण उन्हानं निंबोळीतलं औषधी द्रव्य मोडतं. आणि पाऊस आला की धुऊन जातं, परत मारा. गोगलगाय निघते पावसातच, खरी अडचण हीच आहे.

रिठ्याची गोष्ट वेगळी. त्याला फेस आणणारं जे द्रव्य असतं, सॅपोनिन, ते गोगलगायीच्या जातीला खरंच घातक असतं. इथिओपियात १९६४ साली अक्लिलू लेम्मा या शास्त्रज्ञाला ओढ्यात मेलेल्या गोगलगायी तरंगताना दिसल्या. वरच्या बाजूला बाया एंडोड नावाच्या झाडाच्या फळांनी कपडे धूत होत्या. सॅपोनिनच ते. पण त्या पाण्यातल्या गोगलगायी, चहूबाजूंनी अर्कात बुडालेल्या. आपली जमिनीवरची बया शंखात आत जाते, वरून चिकट स्राव सोडते, आणि चार थेंब फवारा तिला पुरत नाही. शिवाय सॅपोनिननं मासेही मरतात, म्हणून उरलेलं पाणी विहिरीत, तळ्यात ओतू नका.

तंबाखूचा काढा बरेच जण सुचवतात. माझं मत विचाराल तर घरच्या भाजीवर अजिबात नको. निकोटिन हे माणसालाही विषच. झाडातून आलं म्हणून ते सौम्य होत नाही.

मग खात्रीचं काय? संध्याकाळी जुनं गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून वाफ्याच्या कडेला टाकायचं. रात्री त्या खाली जमतात. पहाटे, ऊन चढायच्या आत, गोळा करून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. मीठ बादलीतच, मातीत पसरू नका, रोपं जळतील. हात उघडे नकोत, हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी चालेल, कारण या गोगलगायी मेंदूज्वर करणारा कृमी बाळगू शकतात. वेचून संख्या कमी झाली की मग निंबोळीचा अर्क रोपांवर. या क्रमानं केलं तर अर्काचा उपयोग दिसतो, उलट्या क्रमानं केलं तर नुसता खर्च.

शेतात फारच झाल्या तर मेटाल्डिहाइडच्या गोळ्या वापरतातच, आणि ज्याचं सोयाबीन डोळ्यासमोर जातंय त्याला मी नावं ठेवणार नाही. फक्त त्या कुत्र्यालाही जीवघेण्या असतात, कोंबड्या अन् लहान पोरं फिरतात तिथं टाकू नका.

आणि एक, पावसाळ्यात बांध, दगडांच्या कडा, कुजका पाला उकरून बघत जा. साबुदाण्यापेक्षा मोठी, पिवळसर अंडी गुच्छानं सापडतील. ती तिथंच चिरडली तर पुढच्या महिन्यातलं बरंच गोगलगायींचं काम वाचतं.