घरचा सर्व्हर (लेखांक ६) : आधी उंबऱ्याच्या आत

सेल्फ-होस्टिंगचा, म्हणजे आपला सर्व्हर आपणच चालवण्याचा, नाद असलेली चार माणसं जमली की तीन वाद ठरलेले. यंत्र कोणतं घ्यावं, बाहेरून पोहोचायचं कसं आणि बॅकअप ठेवायचा कुठं. या वादांतली बहुतेक उत्तरं अशा घरांत तयार झालेली असतात, जिथं वीज आणि इंटरनेट यांचा विचारच करावा लागत नाही. म्हणून या आठवड्यात आपण वेगळं घर समोर धरू. नंदुरबार जिल्हा, शहादा तालुका, गाव ब्राह्मणपुरी. घरात मोबाइलचं इंटरनेट आहे किंवा नुकतंच फायबर आलं आहे, इन्व्हर्टर आहे, शेतात पपई किंवा कापूस आहे, आणि घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला किंवा पोरीला हा नाद लागलेला आहे. या घरात सर्व्हर मांडायचा तर सुरुवात कुठून करावी?

लेखमाला आजपासूनच वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात उजळणी. गूगल फोटोजनं १ जून २०२१ पासून अमर्याद फुकट साठवण बंद केली. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी, त्यापुढे दर महिन्याला पैसे. तेव्हापासून ‘आपले फोटो आपल्याच यंत्रावर ठेवले तर?’ असं विचारणारे वाढले. फोटोंसाठी इमिच, फायलींसाठी नेक्स्टक्लाउड, सिनेमे-गाण्यांसाठी जेलीफिन. ही तिन्ही सॉफ्टवेअरं फुकट आहेत आणि त्यांचा कोड खुला आहे. लागतं ते एक यंत्र आणि ते सांभाळणारं एक माणूस.

यंत्र : जुना लॅपटॉप हलका समजू नका

या मंडळींत रास्पबेरी पायचं कौतुक फार. २०१२ साली केंब्रिजमधून बाहेर पडलेला हा तळहाताएवढा संगणक मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी होता. हौशी लोकांनी त्याचा सर्व्हर केला. वीज कमी खातो, आवाज जवळपास करत नाही. हिशेब मांडून बघा. ५ वॅट खाणारा पाय महिनाभर अखंड चालला तर ३.६ युनिट होतात. रिकामा बसलेला जुना लॅपटॉप १५ वॅट धरला तर ११ च्या आसपास. ६० वॅटचा डेस्कटॉप ४३ युनिटांवर जातो. युनिटला १० रुपये धरले तर महिन्याला अनुक्रमे ३६, १०८ आणि ४३० रुपये. डेस्कटॉप इथंच बाद झाला.

कागदावर पाय जिंकतो, पण ब्राह्मणपुरीत मी जुन्या लॅपटॉपच्या बाजूनं बोलेन, आणि तेही एका कारणासाठी: त्याला बॅटरी आहे. पाय बहुतेकदा मेमरी कार्डावरून चालतो. कार्डावर काही लिहिलं जात असताना लाईट गेली की फाइल अर्धवट राहते, आणि असं वरचेवर झालं की एके दिवशी यंत्र चालूच होत नाही. लॅपटॉपची बॅटरी हा आयता यूपीएस. फक्त दोन गोष्टी करायच्या. झाकण मिटल्यावर झोपी जाऊ नये, ही सेटिंग बदलायची. आणि चोवीस तास चार्जरला लावलेली बॅटरी फुगू शकते म्हणून चार्जिंग ६० ते ८० टक्क्यांवर थांबवायचं. लिनक्समध्ये बऱ्याच लॅपटॉपवर ही सोय असते. बॅटरी आधीच फुगलेली दिसली तर मात्र तो लॅपटॉप या कामाला लावू नका.

जागाही विचार करून निवडा. शेतातल्या पंपघरात यंत्र ठेवण्याची कल्पना आकर्षक वाटते, कारण तिथं मोटार, ओलावा मोजणारा सेन्सर, सगळं हाताशी. पण शेतीच्या फीडरवर थ्री फेज पाळीपाळीनं ठरावीक तासच येते. गावठाण फीडरवरच्या घरात त्या मानानं वीज बरीच स्थिर. यंत्र घरात, सेन्सर शेतात, ही विभागणी चांगली. उन्हाळ्यात पत्र्याखाली काहीही ठेवू नका. पाय ८० अंशांच्या पुढं तापला की स्वतःहून वेग कमी करतो, आणि खानदेशातल्या मे महिन्याच्या दुपारी बंद खोक्यात तेवढं तापायला फारसा वेळ लागत नाही.

गावची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली तर इन्व्हर्टरही किती पुरणार? इथं आकडे माणसाला शहाणं करतात. ‘९९ टक्के वेळ चालू’ हे ऐकायला झकास, पण उरलेला १ टक्का म्हणजे वर्षातले साडेतीन दिवसांहून जास्त. घरच्या सर्व्हरनं एवढं बंद राहायला हरकत नाही. कुणाला तातडीनं लागणारा हिशेब किंवा दवाखान्याची नोंद त्यावर नाही ना, एवढं बघा.

पत्ता : बाहेरून घर सापडत का नाही?

यंत्र चालू झालं. घरातल्या वायफायवर फोनमध्ये १९२.१६८.१.५० असा आकडा टाकला की फोटो दिसतात. मग शहाद्याच्या बसमध्ये बसून तोच आकडा टाकला, तर काहीच उघडत नाही. बहुतेक नवशिके इथं अडकतात आणि राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डच्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला आतल्या यंत्राकडं वळवणाऱ्या सेटिंगच्या, मागं लागतात. ते करूनही उघडत नाही, कारण अडचण त्यांच्या राउटरच्याही पलीकडं असते.

आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीत जगभर मिळून सुमारे ४२९ कोटीच पत्ते आहेत. जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशियाच्या वाट्याचे जवळपास संपले. भारतात घराघरांत मोबाइल इंटरनेट पोहोचलं ते त्यानंतर. मग कंपन्यांनी एकेका पत्त्यामागं शेकडो ग्राहक बसवले. याला सीजीनॅट म्हणतात. मोठ्या वाड्याला बाहेरून एकच घरक्रमांक असावा आणि आत पन्नास बिऱ्हाडं, तसं. आतल्या माणसानं पाठवलेल्या पत्राचं उत्तर वाड्याचा दिवाणजी बरोबर पोहोचवतो. पण बाहेरून आपण होऊन आलेल्या पाहुण्याला कुणाच्या खोलीत पाठवायचं, हे त्याला माहीत नसतं.

आपण अशा वाड्यात आहोत का, हे ओळखणं सोपं आहे. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या टप्प्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटमागं आहात. हा टप्पा २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. अशा वेळी पोर्ट फॉरवर्डवर वेळ घालवू नका. काही कंपन्या जादा पैसे घेऊन स्वतंत्र पत्ता देतात. आयपीव्ही६ मध्ये पत्त्यांचा तुटवडा नाही आणि भारतात ते भरपूर पसरलंही आहे, पण बाहेरून आत येणारी वाट बऱ्याचदा राउटर किंवा कंपनीच बंद ठेवते.

तिसरा मार्ग वायरगार्ड, म्हणजे दोन यंत्रांमधला खासगी बोगदा. मार्च २०२० मध्ये ते लिनक्सच्या गाभ्यातच दाखल झालं, आणि टेलस्केलसारख्या सोयी त्याच्यावर उभ्या आहेत. अशा सोयीत घरचा सर्व्हर आणि तुमचा फोन दोघंही आतून बाहेर हाक मारतात आणि मधल्या ओळखीनं एकमेकांना सापडतात. जगाला दार उघडावं लागत नाही. फोन कुठंही असला तरी तो घरातच असल्यासारखा वागतो. ब्राह्मणपुरीतल्या घराला बाहेरून पोहोचायचंच असेल तर ही वाट धरा.

मुळात बाहेर जायचंय कशाला?

वरची सगळी खटपट वाचून दमलात का? मग आता माझं म्हणणं ऐका. पहिले सहा महिने घरच्या सर्व्हरला बाहेरचं दार बसवूच नका. हौशी लोक सर्वांत जास्त रात्री जागतात त्या पत्ता, प्रमाणपत्रं आणि हल्ले यांच्या पायी. ही तिन्ही दुखणी दार उघडल्यामुळं येतात. इंटरनेटवर उघड्या पडलेल्या यंत्राचं दार काही मिनिटांत कुठला तरी बॉट ठोठावून बघतो, मग ते यंत्र ब्राह्मणपुरीत असो की बर्लिनमध्ये. घरातल्या पाच माणसांसाठी घरातल्या वायफायवर चालणाऱ्या सर्व्हरला यातलं फारसं काहीच लागत नाही.

आणि गावात तर अशा आतल्या सर्व्हरला शहरापेक्षा जास्त काम आहे. किविक्स नावाचं सॉफ्टवेअर २००७ पासून अख्खा विकिपीडिया एका फायलीत बांधून देतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याची अशी फाइल एका पेनड्राइव्हमध्ये सहज मावते. इंग्रजीचा चित्रांसह विकिपीडिया १०० जीबीच्या घरात जातो, तोही जुन्या हार्ड डिस्कवर बसतो. एकदा उतरवला की इंटरनेट असो-नसो, घरातल्या आणि शेजारच्या पोरांच्या फोनवर तो उघडतो. डेटा पॅक संपल्याची चिंता नाही.

कोलिब्री हे त्याच घराण्यातलं. २०१२ साली खान अकॅडमीचे व्हिडिओ इंटरनेटविना दाखवण्यासाठी केए लाइट निघालं, कोलिब्री हा त्याचा पुढचा अवतार. ते रास्पबेरी पायवरही चालतं आणि त्यात भारतीय भाषांतलं शालेय साहित्यही मिळतं. ब्राह्मणपुरीहून उत्तरेला सातपुड्याच्या पाड्यांकडं जावं तसं नेटवर्क विरळ होत जातं. तिथल्या शाळेला असा एक डबा महागड्या डेटा पॅकपेक्षा उपयोगी पडेल. गावातल्या गावात जोडणी उभी करण्याचा मोठा प्रयोग महाराष्ट्रात झालेलाही आहे: आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पानं पालघर जिल्ह्यातल्या गावांत टीव्हीच्या रिकाम्या पडलेल्या लहरी वापरून दूरचे पाडे जोडून दाखवले.

आतला सर्व्हर वापरताना मराठी माणसाला एक अडचण हमखास येते, आणि ती पाश्चात्त्य गप्पांत सहसा निघत नाही. घरातल्या कीर्तनाच्या, लग्नाच्या ध्वनिफिती चढवताना मध्येच एखादी फाइल ‘नाव फार लांब’ म्हणून अडते. नाव तर दोनच ओळींचं असतं! कारण असं की, लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ पद्धतीत फायलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळी वेगळी मोजायची. ‘ब्राह्मणपुरी’ मोजून बघा. ब, हलन्त, र, काना, ह, हलन्त, म, ण, प, उकार, र, वेलांटी. झाली १२ चिन्हं, म्हणजे ३६ बाइट. गावाच्या नावानंच सातवा हिस्सा खाल्ला. देवनागरी नाव ८५ चिन्हांच्या आत ठेवा, तारीख आकड्यांत लिहा आणि बाकी तपशील फोल्डरच्या नावात टाका.

बॅकअप : सुरतेचा भाऊ कामाला लावा

आता तिसरा वाद. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिण्याची रेड नावाची सोय केली की झाला बॅकअप, असं समजणारे पुष्कळ. तो बॅकअप नव्हे. चुकून अल्बम पुसला तर रेड तो दोन्हीकडून इमानदारीनं पुसते. जुना नियम ३-२-१ चा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. इमिच बनवणारेसुद्धा हाच नियम पाळायला सांगतात.

घराबाहेरची प्रत म्हटली की शहरी माणूस भाड्याच्या क्लाउडकडं जातो. हिशेब करा: १०० जीबी फोटो १० एमबीपीएसच्या अपलोडनं पाठवायला अखंड २२ तास लागतात. मध्ये लाईट गेली नाही तर. खानदेशातल्या घरांना याहून सोपी सोय उपलब्ध आहे. कुणाचा भाऊ सुरतेला, कुणाची बहीण पुण्याला किंवा नाशकाला असतेच. दिवाळीला आले की पहिली मोठी प्रत हार्ड डिस्कवर त्यांच्यासोबत पाठवा. नंतर फक्त नवे फोटो वायरगार्डच्या वाटेनं रात्री हळूहळू जात राहतील. प्रत कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करून ठेवा आणि किल्ली कागदावर लिहून घरच्या कपाटात. यंत्र सांभाळणारी व्यक्ती शिकायला बाहेरगावी गेली तर मागच्यांना ते उघडता आलं पाहिजे, एवढी काळजी आजच घ्या.

काय घरी आणू नये?

ईमेल. या नादात पडलेला प्रत्येक जण कधी तरी स्वतःचा मेल सर्व्हर मांडायला जातो. घरगुती जोडणीवर त्याला लागणारं २५ नंबरचं पोर्ट बहुतेकदा बंद असतं, आणि घरच्या पत्त्यावरून निघालेली पत्रं मोठ्या सेवा सरळ स्पॅममध्ये टाकतात. बँकेचे ओटीपी आणि परीक्षेचे निकाल ज्यावर येतात ते खातं असल्या प्रयोगावर ठेवू नये.

दुसरी गोष्ट सरकारी नोंदी. याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. ओळखपत्र, बँक, जमिनीचा उतारा यांना मध्यवर्ती नोंद लागते. तिला घरचा सर्व्हर पर्याय नाही आणि तसा आव आणण्यात अर्थही नाही. आजीचे फोटो, गावच्या सप्त्याची कीर्तनं, पोरांचा विकिपीडिया आणि पपईच्या तोडणीची वही यांना मात्र परदेशातल्या कुठल्या डेटा सेंटरची फेरी मारून शेजारच्या खोलीत पोहोचण्याची काहीच गरज नाही. पहिलं जिथं आहे तिथं राहू द्या. दुसरं उंबऱ्याच्या आत आणा, आणि ते सहा महिने नीट चाललं तरच दाराचा विचार करा.

पुढच्या लेखांकात जुन्या लॅपटॉपवर किविक्स मांडून घरातल्या सगळ्या फोनवर मराठी विकिपीडिया उघडायचा आहे. तोवर दोन कामं उरकून ठेवा: कपाटातला लॅपटॉप काढून त्याची बॅटरी फुगलेली नाही ना ते तपासा, आणि किमान ३२ जीबी मोकळी जागा करा.