कंदमुळांचे अल्पखर्चिक ऊतिसंवर्धन : वैद्य व औषधनिर्मात्यांच्या विचारार्थ

ज्या वनस्पतीचे पान, फूल वा फळ औषधात वापरले जाते, ती तोडणीनंतर पुन्हा फुटते. मूळ वा कंद खणून काढला की बहुधा ती वनस्पतीच संपते. मूलद्रव्यांची टंचाई इतर द्रव्यांपेक्षा अधिक तीव्र होण्याचे हे साधे कारण आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात कुष्ठाचा समावेश १९८५ साली, तर दुसऱ्या परिशिष्टात सर्पगंधेचा समावेश १९९० साली झाला. लागवडीवाचून तरणोपाय नाही, हे आता सर्वमान्य आहे. प्रश्न आहे तो लागवडीसाठी खात्रीचे बेणे कोठून आणावयाचे, हा.

या प्रश्नाचे एक उत्तर ऊतिसंवर्धन, म्हणजेच टिश्यू कल्चर, हे आहे. हे तंत्र मोठ्या भांडवलदारांचेच, असा समज आपल्या व्यवसायात रूढ आहे. तो कितपत खरा आहे आणि या तंत्रात वैद्यांचे स्थान कोणते, याचा विचार सफेद मुसळीच्या उदाहरणाने येथे करीत आहोत.

मुसळीच का?

क्लोरोफायटम बोरिव्हिलिॲनम हे नाव आपल्या बोरिवलीवरून पडले आहे. या वनस्पतीचे बी कमी उगवते. म्हणून मुळ्यांचा झुपका खोडाच्या तळाशी असलेल्या डोळ्यासह विभागून लावावा लागतो. डोळा नसलेली मुळी कितीही पुष्ट असली तरी ती फुटत नाही. परिणामी काढलेल्या पिकातील मोठा हिस्सा पुढील वर्षाच्या बेण्यासाठी राखून ठेवावा लागतो आणि बेणे महाग होते. २००० सालच्या आसपास महाराष्ट्रात व मध्य प्रदेशात मुसळीची जी लाट आली, तीत पुनर्खरेदीच्या तोंडी आश्वासनांवर विसंबून चढ्या दराने बेणे घेतलेले अनेक शेतकरी पोळले. ती लाट औषधाच्या गरजेपेक्षा बेण्याच्या विक्रीवरच अधिक उभी होती.

मुसळीच्या डोळ्यापासून काचपात्रात रोपे तयार करण्याची पद्धती उदयपूरच्या सुखाडिया विद्यापीठातील संशोधकांनी १९९४ साली प्रसिद्ध केली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने तर हळदीवर असे कार्य १९७८ सालीच प्रसिद्ध केले होते. तंत्र आपल्या अंगणातले आहे. ते परवडणारे करणे एवढेच उरते.

खर्च कोठे वाचतो

बहुतेक प्रयोगशाळांत मुराशिगे व स्कूग यांनी १९६२ साली सिद्ध केलेले क्षारांचे पोषक माध्यम वापरले जाते. त्यात दर लिटरला सुमारे ३० ग्रॅम साखर व ८ ग्रॅम अगार घालतात. शुद्ध रासायनिक शर्करेऐवजी घरगुती पांढरी साखर पुष्कळ पिकांत चालते. महाग अगारला तर आपल्या औषधालयातच पर्याय आहे. दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी १९९८ साली इसबगोलाचा भुसा दर लिटरला ३० ग्रॅम या प्रमाणात वापरून माध्यम घट्ट करता येते, हे दाखविले. इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी १९९६ साली हेच काम साबुदाण्याकडून करून घेतले. इसबगोल सतत ढवळीत घालावा लागतो व माध्यम गरम असतानाच बाटल्यांत ओतावे लागते, अन्यथा गाठी होतात. पाक व अवलेह करणाऱ्या हातांना हे कौशल्य नवे नाही.

ऑटोक्लेव्हचे कार्य १२१ अंश सेल्सिअस तापमान व १५ पौंड दाब वीस मिनिटे राखणे हे आहे. अल्प प्रमाणावर ते मोठ्या प्रेशर कुकरमध्ये साधते. परीक्षानळ्यांऐवजी जॅमच्या बाटल्या चालतात. कृत्रिम दिवे व वातानुकूलन यांवरील विजेचा खर्च मोठा असतो. उत्तरेकडील खिडकीचा सौम्य सूर्यप्रकाश किंवा एलईडी दिवे वापरून तो कमी करता येतो.

हे केवळ कल्पनारंजन नव्हे. व्हिएतनाममधील दालात परिसरातील शेतकरी कुटुंबांनी १९८० च्या दशकात बटाट्याची निरोगी रोपे घरच्या घरी अशा पद्धतीने वाढविली. कोलंबियातील काउका भागात शास्त्रज्ञांनी शेतकऱ्यांना बरोबर घेऊन कसाव्याच्या, म्हणजे ज्यापासून आपला साबुदाणा होतो त्या कंदाच्या, अल्पखर्चिक संवर्धनाची पद्धती बसविली.

काटकसर कोठे करू नये

निर्जंतुकतेत तडजोड चालत नाही. एका बाटलीतील बुरशी शेजारच्या दहा बाटल्या गमावून बसविते. वृद्धिसंप्रेरकांची मात्रा लिटरला मिलिग्रॅममध्ये असते. ती अंदाजाने घालणे म्हणजे रसौषधी चमच्याने मोजून देण्यासारखे आहे. रोपे डोळ्यापासूनच वाढवावीत. कॅलसच्या, म्हणजे आकारहीन पेशीसमूहाच्या, मार्गाने गेल्यास मूळ वनस्पतीपेक्षा भिन्न गुणांची रोपे निपजण्याचा धोका वाढतो.

बाटलीतील रोप नाजूक असते. त्याची मुळे धुऊन, कोकोपीट व माती यांच्या मिश्रणात लावून, प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली तीन-चार आठवडे हळूहळू कोरड्या हवेची सवय लावावी लागते. या हार्डनिंगमध्ये घाई झाली की सारा खर्च वाया जातो. मुसळी पावसाळ्याच्या प्रारंभी शेतात जावी लागते, म्हणून जूनपासून मागे मोजूनच प्रयोगशाळेचे वेळापत्रक आखावे.

वैद्यांचे कार्य

एका डोळ्यापासून दर चार आठवड्यांनी तीन फुटवे मिळाले, तर आठ आवर्तनांत, म्हणजे ३२ आठवड्यांत, ६,५६१ रोपे होतात. हा हिशेब आनंददायक आहे तितकाच सावध करणाराही आहे. प्रयोगशाळा निवड करीत नाही. ती केलेल्या निवडीचा गुणाकार करते. सफेद मुसळीच्या नावाखाली बाजारात क्लोरोफायटमच्या अनेक जाती येतात, शतावरीच्या कुळातील मुळेही येतात. मातृवनस्पतीच चुकीची वा हीनवीर्य निवडली, तर पूर्वी पोत्यात असलेली भेसळ आता थेट शेतात लावली जाईल, आणि तीही एकसारखी, सुबक व निरोगी दिसणारी!

म्हणून मातृवनस्पतीची ओळख वनस्पतितज्ज्ञाकडून निश्चित करणे, तिच्या मुळांची रासायनिक तपासणी करणे आणि तिचा उगम नोंदवून ठेवणे हे कार्य द्रव्यगुण जाणणाऱ्यांचे आहे. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ साली ऊतिसंवर्धित रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण पद्धती सुरू केली. रोपे विकत घ्यावयाची असल्यास प्रमाणपत्र अवश्य मागावे. परंतु रोप निरोगी व एकसारखे असल्याची ग्वाही ही औषधाच्या वीर्याची ग्वाही नव्हे.

दुसरे कार्य काढणीचे. रोप बाटलीत तयार होते, द्रव्य मात्र भूमीत व काळाने सिद्ध होते. चरकाचार्यांनी मुळे ग्रीष्मात वा शिशिरात, पाने गळून गेल्यावर घ्यावीत असे सांगितले आहे. मुसळीची पाने पावसाळा सरताच सुकतात. त्यानंतर मुळ्या जमिनीत पक्व होऊ देणे हे या उपदेशास धरूनच आहे. ऊतिसंवर्धित आल्याचे कंद पहिल्या हंगामात लहान राहतात, हा अनुभव सर्वत्र आहे. पहिल्या वर्षीचे उत्पन्न बेणे म्हणून राखावे व त्यापुढील पिकातूनच औषधी द्रव्य घ्यावे, हा दंडक इतर कंदमुळांनाही लावणे हितकर, असे आमचे मत आहे.

तिसरे कार्य औषधनिर्मात्यांचे. शेतकऱ्याने दोन हंगाम थांबावे आणि खरेदीदाराने ऐनवेळी जंगलातून आलेला स्वस्त माल घ्यावा, असे घडत राहिल्यास कोणतेही तंत्र तग धरणार नाही. लागवडीपूर्वी दर, प्रत व परिमाण यांचा लेखी करार हवा. एकेकट्या लहान फार्मसीला हे जड वाटेल. परंतु एका जिल्ह्यातील पाच-सहा फार्मसींनी एकत्र येऊन एक मातृवाटिका, एक लहान प्रयोगशाळा व वीस-पंचवीस शेतकरी यांची साखळी उभी करणे अशक्य नाही. जवळच्या विज्ञान महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागाचे साहाय्य घेतल्यास प्रारंभीचा खर्च आणखी घटेल.

आपल्या संघटनेच्या जिल्हा शाखांनी या वर्षी निदान एवढे करावे : आपल्या सभासदांना वर्षाकाठी कोणते मूलद्रव्य किती किलो लागते, याची यादी तयार करावी. प्रेशर कुकर व इसबगोल यांची जुळवाजुळव त्यानंतर सहज होईल. मागणीचा हिशेबच नसेल तर रोपे कोणासाठी वाढवावयाची?