सुबॅन की वेबर? घड्याळ कधी थांबवायचं?

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात. पण आजची हॉकी बर्फावरची, उत्तर अमेरिकेच्या एनएचएलमधली. 29 जून 2016 ला, दोन हंगामांच्या मधल्या सुट्टीत, मॉन्ट्रियलने पी. के. सुबॅन नॅशव्हिलला दिला आणि बदल्यात शे वेबर घेतला. दोघेही बचावपटू, सुबॅन 27 वर्षांचा, वेबर 30 चा. कोण फसलं, यावर लोक वर्षानुवर्षं भांडले. रिसर्च प्रपोजल लिहिताना आपण अडखळतो त्या बहुतेक जागा या भांडणात सापडतात, म्हणून ते उकरून काढतोय.

आधी मोजायचं काय? सामन्यात गोल मोजकेच होतात, त्यामुळे गोलांवरून खेळाडू जोखला तर नशिबाचा वाटा फार मोठा राहतो. म्हणून विश्लेषक ‘कॉर्सी’ बघतात: खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाने गोलच्या दिशेने मारलेले फटके वजा प्रतिस्पर्ध्यांनी मारलेले. यात सुबॅन सरस दिसायचा. पण थांबा. वेबरला समोरच्यांच्या सर्वोत्तम आघाडीपटूंपुढे उतरवायचे, म्हणजे त्याचा आकडा खाली जाणार. आणि शेजारी रोमन योसीसारखा जोडीदार, म्हणजे तोच आकडा वर जाणार. रिग्रेशनमध्ये दोन्ही गोष्टी टाका की, असं तुम्ही म्हणाल. टाका. पण दोन खेळाडू जवळजवळ कायम एकत्रच खेळत असतील, तर श्रेय कोणाचं किती हे मॉडेलला कळणार कुठून? डेटा कितीही असो, ते दोघं वेगवेगळे खेळलेले क्षणच कमी असतात. आपल्याकडे चांगली शाळा आणि सुखवस्तू पालक एकत्रच येतात, तेव्हा हीच पंचाईत होते.

शिवाय अदलाबदल नुसत्या खेळाडूंची नव्हती, करारांचीही होती. 2016-17 मध्ये प्रत्येक संघाला पगारांची कमाल मर्यादा 7.3 कोटी डॉलर होती. त्यातले वर्षाला 90 लाख सुबॅनच्या नावावर 2022 पर्यंत. वेबरचे सुमारे 78.6 लाख, पण 2026 पर्यंत, म्हणजे त्याच्या चाळिशीपर्यंत! आज स्वस्त वाटणारा माणूस उद्या महाग पडू शकतो.

आणि निकाल कधी लावायचा? 2017 मध्ये नॅशव्हिल स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीत गेलं. तिथे घड्याळ थांबवलं तर नॅशव्हिल जिंकलं. 2017-18 मध्ये दुखापतींमुळे वेबर फक्त 26 सामने खेळला. नॅशव्हिल आणखी पुढे. 2019 मध्ये त्यांनी सुबॅनला न्यू जर्सीला पाठवून पगाराची जागा मोकळी केली, मग मॅट डुशेनला घेतलं. आता डुशेनचे गोल कोणाच्या खात्यात मांडायचे? 2021 मध्ये वेबरच्या कर्णधारपदाखाली मॉन्ट्रियल अंतिम फेरीत पोचलं, आणि त्यानंतर तो पुन्हा खेळलाच नाही. 2022 मध्ये सुबॅन निवृत्त झाला. कप दोघांपैकी कोणालाच मिळाला नाही. कालावधी डेटा बघून ठरवलात, तर हवं ते उत्तर काढता येतं. गाइडने व्हायव्हामध्ये नेमकं हेच विचारलं तर?

माझं मत विचाराल तर, जून 2016 मध्ये हाती असलेल्या माहितीवर मॉन्ट्रियलने महागाचा सौदा केला. वय आणि कराराची लांबी तेव्हाही कागदावर होती. 2021 ची ती अंतिम फेरी कोणीच आधी पाहिली नव्हती, म्हणून ती मी या हिशेबात धरत नाही. मॉन्ट्रियलचे चाहते मात्र धरतातच.